कुऱ्हाड अडकते, लाकूड फुटत नाही, मशीन आणलं तरी तेच? आधी ओंडका बघा

दरवर्षी एप्रिल संपत आला की आमच्याकडे कोकणात हाच तमाशा. मिरग तोंडावर, जळण ठेवायचा मांगर अर्धा रिकामा, घरापुढच्या खळ्यात ओंडके पसरलेले, आणि मी मधे कुऱ्हाड धरून उभा, कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली, ती काढायला पहार आणायची, मग पहारही अडकली की शेजारच्या आप्पांना हाक मारायची. गॅस आहे हो घरात, पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच्या भाणातच तापतं, उकड्या तांदळाचं तपेलं काही गॅसवर चढत नाही आणि आईला भाकरी चुलीवरचीच लागते, त्यामुळे फाटी, म्हणजे जळणाची फोडलेली लाकडं, हवीतच. तीन वर्षं मी नुसती हत्यारं बदलत होतो. आधी गावठी कुऱ्हाड, मग जाड कुऱ्हाड, मग ऑनलाइन मागवलेलं हाताने पंप मारायचं, दहा टन जोराचं लाकूड फोडायचं मशीन. प्रत्येक वेळी आणताना खूश, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा खळ्यात घाम गाळत उभा. आता माझं मत असं झालंय की बिघाड बहुतेक वेळा हत्यारात नसतोच, तो ओंडक्यात असतो आणि ओंडका आपणच चुकीचा कापून ठेवलेला असतो. त्यामुळे कोणी विचारलं की घरी लाकूड फोडायला हाताने चालणारं कुठलं यंत्र घेऊ, तर मी उलट विचारतो, लाकूड कसलं, तोडलंय कधी आणि कापलंय किती लांब?

कुऱ्हाड आत जाते आणि तिथेच बसते

सगळ्यात कॉमन तक्रार हीच. घरातली कुऱ्हाड असते ती तोडायची, फोडायची नव्हे, हा फरक मला कोणी सांगितलाच नव्हता. तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ असतं कारण तिला लाकडाचे धागे आडवे कापायचे असतात. फोडताना धागे कापायचे नसतातच, ते दोन बाजूंना ढकलायचे असतात, आणि ते काम पात्याची फुगीर गालफडं करतात, धार नाही. पातळ पातं सुरीसारखं आत शिरतं, दोन्ही बाजूंनी लाकूड त्याला आवळतं आणि मग तुम्ही हलवत बसा. फोडायची कुऱ्हाड पाचरीसारखी जाड हवी, वजन अडीच ते तीन किलो, धार फार तेज नसली तरी चालते.

आता लोक म्हणतात मग जितकी जड तितकी बरी. मी पण तेच केलं, पावणेचार किलोच्या आसपासची आणली आणि अर्ध्या तासात खांदे गेले. हिशोब असा आहे की वजन दुप्पट केलं तर मार दुप्पट बसतो, पण वेग दुप्पट झाला तर मार चौपट बसतो. त्यामुळे जी कुऱ्हाड तुम्हाला शंभराव्या वेळेलाही त्याच जोरात फिरवता येते ती तुमची. आमच्या आप्पांचं वय सत्तरीच्या पुढे, अंगावर मांस नाही, अडीच किलोची घेतात आणि माझ्या दुप्पट फाटी पाडतात.

अडकलीच तर दांडा डावी-उजवीकडे हलवू नका, नेढ्यापाशी, म्हणजे दांडा बसतो त्या भोकापाशी, मोडतो, माझे दोन मोडलेत. दांड्याच्या टोकाला वरखाली झटके द्या, पात्याच्या रेषेतच. ओंडका छोटा असेल तर कुऱ्हाडीसकट उचलून उलटा करायचा आणि कुऱ्हाडीची पाठ ठोकळ्यावर आपटायची, ओंडक्याच्या स्वतःच्याच वजनाने तो फुटतो. आणि अडकलेल्या कुऱ्हाडीच्या पाठीवर घण अजिबात घालायचा नाही. नेढं पसरतं, मग त्यात कुठलाच दांडा नीट बसत नाही आणि ती कुऱ्हाड भंगारात.

मारायचं कुठे

मी वर्षानुवर्षं बरोब्बर मधोमध मारत होतो. एकदा आप्पा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसून बघत होते, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "झिला, जोर हा तुझ्याकडे, पण मारतंस खंय ता बघ आदी." उठून आले, ओंडक्याच्या तोंडावर हात फिरवला आणि एक बारीक चीर दाखवली, मधून निघून सालीपर्यंत गेलेली, केसाएवढी. वाळताना लाकूड स्वतःच असं तडकतं आणि कुठे फुटायचं ते आपल्याला सांगून ठेवतं. त्या चिरेच्या रेषेत, पण मधे नाही, सालीकडच्या काठापासून तीन-चार बोटं आत त्यांनी एक घाव घातला. काठाची फळी सुटून बाजूला पडली. मग ओंडका थोडा फिरवला, दुसरी फळी. असं करत करत कडेकडेने सोलत गेले आणि शेवटी मधला गाभा राहिला तो दोन घावात मोकळा. एक फूट व्यासाच्या पुढचा ओंडका मधून फोडायला जायचंच नाही, कडेने खायचा, गरम पेजेसारखा.

गाठ असेल तर गाठीची बाजू खाली करून ओंडका उभा ठेवा, घाव गाठीला टाळून घाला. बेचकं, म्हणजे जिथे दोन फांद्या फुटतात तो भाग, सरळ बाजूला काढा. तिथले धागे एकमेकांत विणलेले असतात, तो फोडण्यात दुपार जाते आणि हातात येतं काय तर चार ढलप्या. असं एक हापूसच्या बुंध्याचं बेचकं माझ्याकडे दोन वर्षं पडून होतं, त्यात एक पाचर अजून आत आहे. शेवटी दोन्ही बाजू करवतीने सपाट करून त्याचाच ठोकळा केला. फुटत नाही तेच लाकूड ठोकळ्याला उत्तम, हे लोहाराकडे ऐरणीखालचं खोड बघितलं असतं तर आधीच कळलं असतं.

ठोकळा हवाच बरं का. आमच्या खळ्याची माती शेण सारवून कितीही चोपलेली असली तरी घाव पडला की ओंडका खाली दबतो आणि अर्धा मार जमीन खाते, वाळूच्या आवारात तर विचारूच नका. चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, ठेवलं तर उलटी गोष्ट, एक घाव चुकला की धार गेली. गुडघ्याच्या थोडा खाली येईल एवढा ठोकळा बरा. त्यावर स्कूटरचा नाहीतर रिक्षाचा जुना टायर ठेवून त्यात ओंडका उभा करा, फुटलेले तुकडे आतच उभे राहतात, प्रत्येक घावानंतर वाकून गोळा करायला लागत नाहीत. माझी कंबर या टायरने वाचवली, कुठल्याच मशीनने नाही.

लांबी

हे वाचून कोणी हसेल, पण अर्ध्याहून जास्त त्रास इथे आहे. भाणाच्या चुलीला दोन-अडीच फुटाची लाकडं चालतात म्हणून आपण सगळंच दोन-अडीच फुटी कापून ठेवतो. चीर जितकी लांब धावायची तितकी तिच्या वाटेत गाठ यायची शक्यता जास्त. तोच ओंडका एक-सव्वा फुटाचा केला तर एका घावात उघडतो. करवतीचे काप वाढतात हे खरं, पण चेनसॉवाला आलाच आहे आंब्याच्या फांद्या उतरवायला तर त्याच्याकडून त्याच दिवशी कापून घ्यायचे, आणि काप सरळ पाडायला सांगायचं. तिरका काप पडलेला ओंडका ठोकळ्यावर उभाच राहत नाही आणि मशीनमध्ये तर तो हमखास घसरतो. (आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर वगैरे झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, जागा स्वतःची असली तरी अख्खं झाड पाडायला आधी परवानगी काढावी लागते, हे जाता जाता.)

लाकूड कसलं

कुऱ्हाड आपटून बॉलसारखी परत येते ही तक्रार आली की मी डोळे मिटून विचारतो, सुरूच्या झाडाचं लाकूड का? किनाऱ्याकडच्या घरांत सुरूचं जळण भरपूर असतं आणि जळायला त्यासारखं लाकूड नाही, निखारा कसला टिकतो. पण ते वाळलं की लोखंड. सुरू ओला असतानाच फोडायचा, पाडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत, तेव्हा तो बऱ्यापैकी सरळ उघडतो. वर्षभर वाळवून मग फोडू म्हटलं तर मग पाचर आणि घणच. ऐन-किंजळाचंही थोडंफार तसंच, ओलं असताना कमी त्रास देतात.

आंबा मऊ, पण धागा पिळलेला, त्यामुळे चीर सरळ न जाता वळत जाते आणि अर्ध्यावर कुऱ्हाड पकडते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्या भागातल्या बागांत कलमं आडवी झाली, आमचीही तीन गेली. ती लगेच कापायला माणूस मिळेना, तोवर पाऊस लागला, आणि ऑक्टोबरात बघतो तर वरचं लाकूड भुसभुशीत, आतून किड्याने पोखरलेलं. असं मऊ पडलेलं लाकूड फुटतच नाही, कुऱ्हाड त्यात गादीत शिरावी तशी शिरते. पडलेला आंबा उचलायला उशीर करू नका.

फणसाला चीक असतो, ताजा फोडायला घेतला की पातं चिकटत जातं आणि प्रत्येक घाव जड होतो. यावर उपाय आईने सांगितला, फणस कापताना विळीला लावतो तसं पात्याला खोबरेल लावायचं, दर पंधरा-वीस घावांनी पुन्हा. इतकं साधं, आणि मी धार लावत बसलो होतो. काजूची साल आणि चीक अंगाला लागू देऊ नका, कातडी भाजते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

आणि माड. माडाचं खोड फोडायच्या नादाला लागूच नका. त्याला आंबा-फणसासारखी वर्तुळं नसतात, बाहेर कडक दोऱ्या आणि आत भुसा, पाचर नुसती आत जाते पण चीर पुढे धावत नाही. माडाचा साकव करा, गोठ्याला खांब करा, जाळायलाच हवा असेल तर करवतीने चकत्या करून वाळवा. माझ्या मशीनचा पाहुणचार पहिल्याच आठवड्यात माडाच्या ओंडक्याने केला त्याची गोष्ट खाली येतेय.

हाताने पंप मारायचं मशीन

बाहेरच्या देशांतल्या व्हिडीओत दिसतं तेच, आडवं, दोन दांड्यांचं, एका टोकाला पाचर आणि दुसऱ्या टोकाकडून तेलाच्या दाबाने सरकणारा दट्ट्या. गाडीच्या जॅकचंच तत्त्व, बारीक पिस्टनने तेल ढकलायचं, ते मोठ्या पिस्टनला ढकलतं, जोर वाढतो पण सरकायचं अंतर तेवढंच कमी होतं. म्हणजे तुमचा हात फूटभर फिरतो आणि दट्ट्या काही मिलीमीटर. ज्यांना कुऱ्हाड उचलवत नाही, खांदा दुखतो, वय झालंय, त्यांच्यासाठी हे खरंच चांगलं आहे, फक्त ट्रॅक्टरभर लाकूड दोन दिवसात होईल ही आशा सोडा.

माझं आलं तेव्हा पहिल्या दिवशी दट्ट्या अर्धा जाऊन थांबायचा, दांडा स्पंजसारखा लागायचा. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला तुम्ही जोरात मारत नाही. मी अजून जोरात मारलं. दोन दिवसांनी आतेभाऊ आला, तो गॅरेजात काम करतो, त्याने टाकीजवळचा एक छोटा स्क्रू बघितला आणि हसायलाच लागला. तो हवा जायचा स्क्रू. वाहतुकीत तेल सांडू नये म्हणून घट्ट बंद करून पाठवतात आणि चालवण्याआधी एक-दोन फेरे सैल करायचा असतो, नाहीतर आत हवा कोंडते. सैल केला, रिकामंच चार-पाच वेळा पुढेमागे चालवलं, झालं. दांडा मऊ लागतोय म्हणजे हवा, हे लक्षात ठेवा, नवीन मशीन परत पाठवायच्या आधी हे बघा.

दांडा चालतोय पण दट्ट्या जागचा हलतच नाही, तर बहुतेक वेळा दाब सोडायची चावी पूर्ण बंद नसते. ती हाताने घट्ट करा, पान्याने पिळू नका, आतली बैठक खराब होते. दट्ट्या पुढे जातो पण हात सोडला की हळूहळू मागे येतो, तर त्याच चावीत कचरा आहे नाहीतर आतलं सील गेलंय. दट्ट्याच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर सील नक्की. तेल कमी असेल तर शेवटचे दोन-चार इंच जातच नाही, तेव्हा दट्ट्या पूर्ण मागे घेऊन मगच तेलाची पातळी बघायची, पुढे असताना बघून भरलं तर जास्त होतं आणि मग स्क्रूतून बाहेर येतं. तेल हायड्रॉलिकचंच, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं, ब्रेक ऑइल चुकूनही नको, ते रबराची सीलं खातं.

आता माडाची गोष्ट. माडाचा ओंडका लावला, पंप मारत गेलो, पाचर चार इंच आत गेली आणि मग दांडा एकदम हलका झाला, कितीही मारलं तरी पुढे नाही. मला वाटलं तुटलं काहीतरी. तुटलं नव्हतं, ठरलेल्या दाबाच्या वर गेलं की तेल आतल्या आत परत फिरवणारी झडप उघडली होती. लाकूड मशीनपेक्षा भारी आहे एवढंच ती सांगत असते. अशा वेळी दांड्याला पाइप जोडून लांबी वाढवायची अक्कल बरेच जण वापरतात, तसलं काही करू नका, दांडा वाकतो. दाब सोडा, ओंडका फिरवा, दुसऱ्या जागी लावा, नाही जमलं तर तो ओंडका करवतीला द्या.

आणि घेण्याआधी आत किती लांब ओंडका मावतो ते टेपने बघा, नुसते टन बघू नका. बरीच मशीनं ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फुटापर्यंतचीच आहेत, आपली अडीच फुटी लाकडं त्यात शिरणारच नाहीत. मी हे घरी आणल्यावर मोजलं.

पाचर आणि घण

माझ्या मते आपल्याकडच्या घराला सगळ्यात उपयोगी हाच सेट. पण पाचर एक घेऊन उपयोग नाही, दोन तरी हव्यात, कारण एक अडकणार हे ठरलेलं आणि तिला सोडवायला चिरेत पुढे दुसरी ठोकायची असते. लोहाराकडून जुन्या एक्सलच्या तुकड्याच्या करून घेतल्या तरी झकास होतात, फक्त त्याला सांगा की पाणी धारेलाच दे, डोकं मऊ ठेव. डोकं कडक झालं तर घणाखाली कपच्या उडतात आणि त्या कुठे जातील सांगता येत नाही. मऊ डोकं वापरून वापरून अळंबीसारखं बाहेर पसरतं, ते पसरलेले काठ वेळच्या वेळी ग्राइंडरने काढा. चष्मा घाला, बाकी काही घातलं नाही तरी.

दांडा सैल होतो

पावसात लाकूड फुगतं, दांडा घट्ट असतो, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की खुळखुळायला लागतो. आपण काय करतो, रात्रभर बादलीत बुडवून ठेवतो. सकाळी घट्ट, दुपारी पुन्हा सैल आणि आधीपेक्षा जास्त, कारण फुगताना नेढ्यात दाबले गेलेले धागे वाळल्यावर परत उभे राहत नाहीत. त्याऐवजी पातं खाली लोंबतं धरा आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका, पातं जडपणाने जागेवर राहतं आणि दांडा त्यात चढत जातो. मग वरून सुकी लाकडी पाचर मारा आणि टोकाला जवसाचं तेल पाजा. दांडा नवीन करायचा तर धामणाचा मिळतो का बघा, लवचीक असतो, हाताला झिणझिण्या येत नाहीत.

मग घ्यायचं काय

अंगात जोर आहे आणि लाकूड मिश्र आहे तर अडीच किलोची जाड कुऱ्हाड, दोन पाचरी, चार-पाच किलोचा घण. कंबर किंवा खांदा दुखतो तर तेलाचं मशीन, पण ओंडके दीड फुटाच्या आत आणि काप सरळ. चूल पेटवायला नुसत्या ढलप्याच पाडायच्या असतील तर ते लोखंडी कड्यात उभी पाचर असलेलं यंत्र बघा, त्यात धार वर आणि स्थिर असते, आपण लाकूड ठेवून वरून हातोडा मारायचा, हात धारेजवळ जातच नाही. ते न्यूझीलंडच्या आयला हचिन्सन या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केलं होतं, आईचं बोट कुऱ्हाडीने कापलेलं बघून. आमच्या लोहाराला फोटो दाखवला तर म्हणाला दोन दिवसात करून देतो. त्याला आता आठ महिने झाले.

फोडायचं ते शिमग्याच्या आधी संपवा, म्हणजे एप्रिल-मेचं कडक ऊन फोडलेल्या फाट्यांना मिळतं. अख्ख्या ओंडक्यातलं पाणी सालीमुळे सहजासहजी बाहेर निघत नाही, तो मांगरात वर्षभर ठेवला तरी आतून ओलाच आणि श्रावणात न्हाणीभर धूर. रचताना खाली चिरे ठेवा, जमिनीला लाकूड टेकलं की वाळवी आलीच. आणि मशीन असेल तर पावसाआधी दट्ट्या पूर्ण आत घ्या, उघड्या लोखंडाला ग्रीस फासा, तो हवेचा स्क्रू घट्ट करा आणि मगच मांगरात ढकला. खारी हवा आणि चार महिन्यांचा दमटपणा, गेल्या वर्षी मी ग्रीस विसरलो तर गणपतीत दट्ट्यावर गंजाचे ठिपके होते आणि त्याच ठिपक्यांनी सील कापलं.